उतरणीचं पान

दिंडोरी रस्ता, २४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना उमंगचा साष्टांग नमस्कार.

एवढी ओळ तरी बरोबर आली असेल. पत्र सुरू कसं करायचं तेवढं शिकून मी आठवीतून पळालो. संपवायचं कसं ते बहुतेक नववीत होतं.

फोन का नाही केला, असं तुम्ही विचारणार नाही, पण धरून चालतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दादानं आणलेलं कानातलं मशीन तुम्ही तांदळाच्या डब्यात ठेवलंय असं आपली धाकटी कृतिका सांगते. आई होती तोवर आपल्या दोघांचा फोन तीच होती. आता कृतिका मध्ये बसते, पण ती गाळून सांगते. मी ओरडलो तर तुम्हाला 'उमंगदा आठवण काढतो' म्हणून सांगते, आणि तुम्ही गप्प बसलात तर मला 'बाबा बरे आहेत' म्हणून सांगते. म्हणून लिहितोय. भुईगावचा प्लासिड आपल्या वाडीतली विड्याची पानं वसईहून नाशकाला आणतो, जाताना कांदे भरायला इथूनच जातो. तो हातात देईल. वाचायचं नसेल तर त्याला परत देऊ नका, चुलीत घाला. परत आलेलं मला बघवणार नाही.

मी इथं हरिश्चंद्र नानांच्या द्राक्षबागेत आहे. घरचीच बाग. नाना, त्यांच्या वसुंधराकाकू, आणि हंगामाला पेठ-सुरगाण्याकडची माणसं. मला सुपरवायझरसारखंच ठेवलंय. खोली दिलीय, खिडकीला जाळी आहे, मच्छर नाहीत. जेवण काकूंकडे. काळजी करू नका, म्हणजे करत असाल तर.

सध्या घड तयार झालेत. प्रत्येक घडाला कागद गुंडाळलाय, ऊन लागू नये म्हणून. लांबून बघितलं तर बागेत धुतलेले कपडे वाळत घातलेत असं वाटतं. आता व्यापारी येईल, गोडी मोजेल, तारीख देईल, आणि तोवर पाऊस पडता कामा नये. पिकल्या द्राक्षावर पाणी पडलं की मणी तडकतो, मग तो कोणी घेत नाही. आपल्याकडे ढग आला की तुम्ही खुर्ची अंगणात घेऊन बसायचात. इथं ढग आला की काकू ताटावरून उठतात.

बागेच्या खालच्या अंगाला नवा प्लॉट आहे. वेली जमिनीलगत छाटल्यात आणि आता नवा कोंब बांबूला सुतळीनं बांधत बांधत वर न्यायचा. पोपटी कोंब, जोरात खोकलं तरी मोडेल असा. तिथं पहिल्यांदा शिरताना मी चपला काढल्या. बायका हसायला लागल्या, "देवळात आलास का रे?" म्हटलं, आमच्यात वेलीत चपला घालून जात नाहीत. एक म्हणाली, "काटा घुसला की घालशील." घुसला. तरी काढतो.

आता खरं विचारायचं ते. कृतिका म्हणाली, दादा टेप घेऊन आला होता आणि वाडी मोजून गेला. पानवेली काढून तिथं टर्फ करायचं म्हणतो, प्लास्टिकचं हिरवं गवत, वर जाळी, फ्लॅटमधली पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळतील. खरं का? तुम्ही काय म्हणालात? की काहीच नाही म्हणालात?

आणि ह्या साली उतरण करणार का?

नानांना मी उतरण समजावून सांगत होतो. म्हटलं, आमची पानवेल पांगाऱ्यावर चढत चढत हाताबाहेर गेली की आम्ही केळीच्या सोपटाच्या गाठी सोडतो, अख्खी वेल खाली आणतो, बुंध्याशी वेटोळं करतो आणि मातीत निजवतो. मग ती पुन्हा कोवळी होऊन चढते. पाडव्याच्या आत हे केलं नाही तर वेल वरच्या वर वाळून जाते. नाना म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्याला परत पाळण्यात घालता होय!" त्यांना खरं वाटत नाही.

मी बोलवा म्हणून लिहीत नाही. उतरणीला कोणी तोंडानं बोलवत नाही हे मला ठाऊक आहे, लहानपणी दोन पानं नि सुपारी घेऊन होळीत घरोघर मीच फिरायचो. ज्यानं पान तोंडात टाकलं तो येणार, ज्यानं वाळू दिलं तो नाही येणार. पलीकडच्या हसमुखकाकांनी एकदा खिशात वाळू दिलं तर तुम्ही त्यांच्या मुलाच्या लग्नाला गेला नाहीत. सगळं आठवतं. आणि दिवाळीनंतर मी निघालो तेव्हा पानवाल्यांसमोर तुम्ही काय म्हणालात तेही आठवतं. "बोलावल्याशिवाय वेलीत पाय ठेवायचा नाय."

नुसतं विचारतो.

उमंग


६ मार्च

बाबा, नमस्कार.

प्लासिड काल आला, कपाळाला राख लावून. उपवासकाळ सुरू झाला म्हणाला, ईस्टरपर्यंत मटण बंद, तंबाखू बंद, आणि तुझ्या बापाचं पानसुद्धा बंद. मी विचारलं, पत्र दिलंस? म्हणाला, "दिलं. वाचलं त्यांनी. चष्मा पुसला. परत वाचलं. मग मला म्हणाले, पानं भर." बस. एवढंच. म्हटलं, तोंड कसं होतं? म्हणाला, "तोंड काय, नेहमीचंच. तुझ्यासारखंच."

टेम्पोतल्या पानांच्या एका कवळीची गाठ मी सोडली आणि एक पान काढून घेतलं. चोरलं म्हणा. पान तुमच्याच हातचं, देठ नखानं वाटीसारखा खुडलेला. पण त्याच कवळीत खालची पानं बघितली तर देठ लांब आणि चिरडलेले. ते तुमचे नाहीत. अर्धी पानं कोण खुडतंय? प्लासिडला विचारलं तर तो टायर बघायला वाकला. टायरमध्ये काही नव्हतं.

इथं बरं चाललंय. हात जरा तारेनं कापलाय, उजवाच, म्हणून अक्षर वाकडं आहे. आधीही सरळ होतं असं नाही.

व्यापारी येऊन गेला. चार मणी तोंडात टाकले, एक दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्याला लावलं, म्हणाला अजून गोडी हवी, पुढच्या आठवड्यात बघू. नानांनी मान हलवली. तो गेल्यावर मात्र फवारणीचा ब्लोअर धुतला नाही म्हणून माझ्यावर ओरडले. मी तो धुतला होता. त्यांना माहीत होतं.

दुपारी उकडतं आणि चारनंतर डोंगराकडे काळं जमतं. रोज जमतं आणि रोज निघून जातं. काकू म्हणतात, "एकदा काय ते होऊन जाऊ दे, हे रोजचं दाखवणं नको." नाना मोबाईलवर हवामान बघतात, मग आभाळाकडे बघतात, मग परत मोबाईलकडे, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते ठरवत.

पानाचं काय केलं विचाराल. खाल्लं नाही. ते बोलावणं नव्हतं. चोरीचं पान खाऊन उतरणीला जात नाहीत, एवढं कळतं मला.

कोण खुडतंय ते सांगा. कृतिकाला सांगा, ती गाळून का होईना सांगेल.

उमंग


१५ मार्च

बाबा,

नमस्कार वगैरे राहू दे.

तुम्ही शिडीवरून पडलात. पडून किती दिवस झाले! आणि मला हे एका टेम्पोवाल्याकडून कळतं, तेही मी त्याच्या गाडीची चावी काढून घेतल्यावर. प्लासिड म्हणाला, "शपथ घातलीय रे तुझ्या बापानं, आणि उपवासकाळात शपथ मोडायला लावतोस!" मग सगळं सांगितलं. गुडघा सुजलाय, पाय जमिनीला लावता येत नाही, कृतिका कॉलेजला जायच्या आधी पानं खुडते. म्हणून ते देठ. तिला सांगा, नखं वाढव, बोटांनी चिरडू नको.

आणि दादा म्हणाला, बघा, आता तरी ऐका. टर्फवाला माणूस पाडव्यानंतर येणार. बरोबर ना? म्हणजे पाडव्याच्या आत उतरण झाली नाही तर त्याला वेली तोडायचेही कष्ट नाहीत, त्या आपोआप वाळतील.

दादाला मी दोष देत नाही, खरंच. तो सकाळी घर सोडतो ते अंधारात परत येतो, पानवेलीचं कोण बघणार असं त्याला वाटतं तर त्यात चूक काय. वाडीत राहायचं होतं ते मी. तेही मी राहिलो नाही. वालीवला पंख्याच्या कारखान्यात गेलो, सोडलं. नालासोपाऱ्यात मोबाईलच्या दुकानात बसलो, सोडलं. तुम्ही म्हणायचात, ज्याला एका जागी बसता येत नाय त्याला वेल कशी येईल. मला वाटायचं, वेल तरी कुठं एका जागी बसते?

यायचं म्हटलं तर दोन अडचणी आहेत. एक नानांची. शिमग्याला पेठ-सुरगाण्याची माणसं घरी गेली, अजून परतली नाहीत. नाना, काकू, गावातल्या दोन-चार बायका आणि मी. व्यापाऱ्यानं तारीख दिलीय, माल गाडीत चढेपर्यंत कोणी हलायचं नाही असं नानांनी सांगितलं. म्हणाले, "तू आज गेलास तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?" आभाळ रोज खाली खाली येतंय. ह्या माणसाला आत्ता सोडून जाणं बरं नाही.

दुसरी अडचण तुमची. तुम्ही बोलावलेलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, पोरगा बापाच्या घरी यायला बोलावणं मागतो. घरी यायला नाही मागत. घरी मी उद्या येईन, ओसरीवर बसेन, तुमच्या गुडघ्याला लेप लावीन. पण वेलीत? तिथं तुम्ही सगळ्यांसमोर पाय ठेवू नको म्हणालात. मी असाच घुसलो तर तुम्ही काही बोलणार नाही, मला माहीत आहे. त्याच्याशीच तर मला भांडायचंय, तुमच्या त्या काही न बोलण्याशी.

दोन पानं आणि एक सुपारी. प्लासिडच्या खिशात मावतील.

उमंग


१९ मार्च

बाबांना नमस्कार.

आधी सांगतो, मी धड आहे. काल इथं गारा पडल्या. बातम्यांत बघितलं असेल. त्यात मी काय केलं ते मात्र बातम्यांत येणार नाही, ते माझ्याकडूनच ऐका. दुसऱ्या कोणाकडून ऐकलंत तर म्हणाल, हा आत्मारामचा पोरगा नाय.

काल दुपारी नाना व्यापाऱ्याला भेटायला नाशकात गेले, तारीख अलीकडे घे म्हणून सांगायला. काकू वरच्या अंगाला, खुडून ठेवलेल्या मालावर ताडपत्री घालत होत्या. मी खालच्या अंगाला, बायकांबरोबर. खाली दोन्ही आहे, पिकल्या द्राक्षांच्या काही ओळी आणि त्यांना लागून तो नवा प्लॉट. तीनच्या सुमाराला डोंगर दिसेनासा झाला. वारा एकदम गार. नानांचा फोन आला. खरखर, मध्येच तुटतोय, रस्त्यावर असावेत. ओरडत होते, "उमंग! खालचं उतरवून घे! हाताला लागेल तेवढं उतरव!"

फोन गेला.

बाबा, 'उतरव' म्हटल्यावर माझे हात कुठं जाणार? तुम्हीच सांगा. हा शब्द मी तुमच्या तोंडून ऐकत मोठा झालो. मी नव्या प्लॉटमध्ये पळालो. बायकांना म्हटलं, सुतळ्या सोडा, वेली उतरवायच्यात. त्या बघत राहिल्या. एक म्हणाली, "अरे, घड राहिले की तिकडं!" मी म्हटलं, नानांनी सांगितलंय. माझं तोंड इतकं खात्रीचं होतं की त्यांनी ऐकलं.

कसं केलं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. सुतळी सोडायची, कोंब तळहातावर घ्यायचा, बुंध्याशी ओढ पडू न देता वळवायचा, हळूच निजवायचा. द्राक्षाचा कोंब आपल्या वेलीपेक्षा ताठ, ठिसूळ. पहिले तीन-चार मोडले. मग हाताला समजलं. तुम्ही म्हणायचात ना, वेलीला वाटलं पाहिजे ती आपणच खाली आली. वर गवत टाकलं. मग आभाळातून पहिला खडा पडला, बांबूवर टणकन वाजला, तेव्हा सुचलं. माल भरायचे क्रेट रचून ठेवले होते, ते उचलून एकेका वेलीवर पालथे घालत सुटलो.

काकू वरून पळत आल्या, "क्रेट कुठंयत? घड कशात भरायचे?" मी बोट दाखवलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात गारा आल्या. आम्ही सगळे ट्रॉलीखाली. क्रेटवर गारांचा असा आवाज होत होता की बोलायची सोय नव्हती. बरंच झालं.

नाना आले तेव्हा सगळं पांढरं होतं. पिकल्या ओळींचे कागद फाटून चिखलात पडलेले, घड ठेचलेले. आणि शेजारी क्रेटच क्रेट, सगळे पालथे. नानांनी विचारलं, "तुला काय सांगितलं होतं?"

"उतरवायला."

"काय उतरवायला?"

मला तेव्हा कळलं, बाबा. तिथं उभं राहून कळलं. म्हटलं, "वेल."

ते बांधावर बसले. म्हणाले, "द्राक्षं, गाढवा! द्राक्षं उतरवतात! वेल कोणी उतरवतं का?"

मी म्हटलं, "आमच्यात उतरवतात."

काकू हसल्या. त्यांना आवरलंच नाही. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि मग रडायला लागल्या. वर्षाचा माल गेला त्या ओळींमधला. गारा पडायच्या आत निम्मा तरी हाती लागला असता.

जेवायला मी गेलो नाही. बोलावायला काकू आल्या पंपाच्या शेडपर्यंत. हो, शेड. खोली नाही. खिडकीला जाळी आहे ते खरं, पत्रा मात्र काल फाटला. सुपरवायझरही नाही, फवारतो आणि बांधतो. तुम्ही ते पहिल्या पत्रातच ओळखलं असेल.

नाना मला काढतील असं वाटतं. अजून काही बोललेले नाहीत. तुमच्यासारखेच. सगळीकडे मला हीच माणसं का भेटतात?

उमंग


२४ मार्च

बाबा,

मिळालं.

आधी इथलं सांगतो, मग त्याचं.

गारांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला न उठवता खाली गेले. मी मागून गेलो, लांब उभा राहिलो. बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या नव्या प्लॉटमध्ये नुसते बांबू उभे होते, वेलीचा मागमूस नाही, कोंब बुडातून तुटलेले. ते म्हातारे शेजारी मधोमध उभे होते, हातात काहीच नाही. नानांनी आपल्याकडचा एक क्रेट उचलला. गवत बाजूला केलं. कोंब हिरवा. मग दुसरा उचलला. मग तिसरा. प्रत्येक क्रेट त्यांनी परत होता तसा ठेवला, झोपलेल्या पोरावर गोधडी घालावी तसा. मला वाटलं, आता काही बोलतील. म्हणाले, "उतरवल्यास ना? आता उचल. दमट राहिल्या तर खालच्या खाली कुजतील. आणि हे तुझ्या हातानंच व्हायला पाहिजे, बायकांना मोडायला देऊ नको."

शाबासकी नाही. शाबासकी द्यायची तरी कशाची, ठेचलेले घड समोर दिसत होते. चहाच्या टपरीवर मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत, "आमच्याकडे एक वसईचा आहे, द्राक्षं सोडून वेल उतरवतो." लोक हसतात. मग जाता जाता एखादा हळूच विचारतो, क्रेट कसे घातले होते?

म्हणजे नोकरी राहिली. पण अडकलोही. एकेक कोंब उचलायचा, ताठ करायचा, बांबूला बांधायचा. अर्धासुद्धा प्लॉट झालेला नाही.

आणि काल प्लासिड आला. टेम्पो थांबवून खाली उतरला, तोंड गंभीर, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "उमंग, वाईट बातमी आहे. तुझ्या बापानं तुझी सुपारी दिलीय."

मग त्यानं खिशातून फडकं काढलं आणि जोरात हसला. दोन पानं, मध्ये सुपारी. देठ वाटीसारखे, नखाचे.

हे तुम्ही खुडलंत. त्या पायावर उभं राहून खुडलंत. प्लासिड म्हणाला, कृतिकानं धरायला हात पुढे केला तर तिला ढकललंत. 'ही पानं मीच काढनार.' मला तुमचा तो 'न' ऐकू आला.

मी ती पानं खाल्ली नाहीत, बाबा. रागावू नका. ओल्या फडक्यात ठेवलीत, सारखं पाणी मारतोय. तुम्ही म्हणाल, पाच मिनिटांचं काम. मला ते पाच मिनिटांचं नाही. खाल्लं की पाडव्याच्या आत यावंच लागेल. इथं तोवर वेली उचलून होत नाहीत. माझ्या चुकीनं यांचा माल गेला, आता ह्या वेली पण खाली कुजवून जाऊ? तिकडे तुमच्या वेली वर वाळतील, इकडे ह्यांच्या खाली कुजतील. काय गंमत आहे बघा, एकीला उतरवायला नेमकं मी पाहिजे, एकीला चढवायला नेमकं मी पाहिजे, आणि पाडवा दोन्हीकडे रविवारीच.

दादालाही पाठवलंत म्हणे. कृतिकाचा मेसेज आला. प्लासिड त्याच्या अंबाडी रोडच्या फ्लॅटवर जाऊन देऊन आला. दादानं पान फ्रिजमध्ये ठेवलंय. खात नाही आणि टाकतही नाही. वहिनींनी विचारलं, हे कसलं पान, तर म्हणाला, असू दे, हात लावू नको.

आज सकाळी फडकं उघडून बघताना मला हसू आलं. तो फ्रिजमध्ये, मी ओल्या फडक्यात. तुमचीच पोरं आहोत दोघं.

उमंग


२८ मार्च

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

पान खाल्लं.

नानांसमोर खाल्लं. आधी विचारणार होतो. काल दुपारी नव्या प्लॉटमध्ये नाना, काकू आणि मी बांधत होतो. पानांच्या कडा वळायला लागल्या होत्या, खिशात फडकं घेऊनच हिंडत होतो. म्हटलं, नाना, मला पाडव्याच्या आत घरी पोचायचंय, बाबांनी बोलावलंय. त्यांनी वर बघितलं नाही. "आणि माझ्या वेली?"

मी फडकं काढलं, पान उलगडलं, सुपारी ठेवली आणि तोंडात टाकलं. मग म्हटलं, आमच्यात हे खाल्लं की जावंच लागतं. आता तुम्ही काढलंत तरी जावं लागेल.

नाना माझ्या तोंडाकडे बघत बसले. राग आला की कीव, कळेना. काकूच म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. उरलेल्या ओळी मी उचलते."

"तुला जमेल?"

"का नाही? एवढे दिवस शेजारी बसून काय बघत होते? ओढायचं नाही, वळवायचं. वेलीला वाटलं पाहिजे ती आपणच उठली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाप काय तुला एकट्यालाच असतो का रे? माझ्याही बापाचा शेवंतीचा मळा होता."

'वेलीला वाटलं पाहिजे', हे तुमचं वाक्य, बाबा. मी त्यांना कधी सांगितलं, मलाच आठवत नाही.

नाना उठून गेले. मला वाटलं, संपलं. परत आले ते क्रेट घेऊन. त्या ठेचलेल्या ओळींमधून शोधून शोधून काढलेले घड. म्हणाले, "तडकलेत, बाजारात कोणी घेणार नाही. पण गोड आहेत. बापाला दे. आणि सांग, बघा, ह्याला म्हणतात उतरवणं." मग बांधाशी गेल्यावर म्हणाले, "खरड छाटणीला एप्रिलमध्ये माणूस लागतं." येशील का असं विचारलं नाही. त्यांच्याकडे पान नाही, नाहीतर दिलं असतं.

हे पत्र मी प्लासिडच्या टेम्पोतच लिहितोय, कांद्याच्या गोणींवर बसून, म्हणून अक्षर उड्या मारतंय. तुम्ही म्हणाल, स्वतःच येतोस तर पत्र कशाला? समोर आलो की आपल्या दोघांची तोंडं बंद होतात म्हणून. हे मी ओसरीवर तुमच्या खुर्चीत ठेवीन, वर द्राक्षांचा क्रेट, आणि तुम्ही उठायच्या आत पुढे जाईन. सुपारीचा अर्धा तुकडा अजून गालात आहे, फार कडक पाठवलीत.

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी वाडीत असेन. कुंपणाशी माझ्या चपला दिसतील. शेजारी बूट दिसले तर ते दादाचे समजा. मघाशी मी त्याला फोन केला. म्हटलं, पान आहे का अजून? म्हणाला, "आहे. गारठून काळं पडलंय." म्हटलं, काळं चालतं, वाळलेलं चालत नाही. मग कचकन आवाज आला. सुपारीचा असावा. फोन त्यानंच ठेवला. टर्फचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. आला तर लेस सोडायला त्याला वेळ लागेल, ओरडू नका.

पहिली वेल वाडीच्या धन्यानं सोडायची असते. शिडीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो. काठी घेऊन या, पांगाऱ्याला टेकून उभे राहा आणि सगळ्यात खालची गाठ तेवढी सोडा. वरच्या मी सोडतो.

आणि एकदा तोंडानं म्हणा, उतरव. मोठ्यानं. तिकडे त्या शब्दापायी मार खाता खाता राहिलोय. इथं तरी बरोबर ऐकलं की नाही, ते मला बघायचंय.

उमंग